छपरांची शाकारणी

रौप्यमहोत्सवाच्या या पुस्तिकेसाठी धर्मग्रामाचा इतिहास आम्ही लिहून द्यावा, अशी महोत्सव समितीने आम्हांस विनंती केली. पायाभरणी कधी झाली, कोणकोणते धर्मगुरू येथे येऊन गेले, घंटा कोणी दिली, या गोष्टी याच पुस्तिकेत अन्यत्र आल्या आहेत. त्यांची पुनरुक्ती करण्यात अर्थ नाही. जुन्या वह्या चाळीत असता आमच्या असे ध्यानात आले की, पहिल्या काही वर्षांच्या जमाखर्चात वेदीवरील मेणबत्त्यांपेक्षा डांबर, ताडपत्री व पत्रे यांवर अधिक पैसा गेला आहे. ज्येष्ठ मंडळींस याचे कारण ठाऊक आहे. तरुणांस ते ठाऊक नसावे, म्हणून हा प्रपंच.

आजचे मंदिर उभे राहण्यापूर्वी आपली मंडळी एका तीन मजली व्यापारी इमारतीच्या वरच्या मजल्यावरील गाळ्यात मिस्साबलिदानासाठी जमत असे. तळाशी टायरचे दुकान, त्याच्या शेजारी रंगाचे. मधल्या मजल्यावर माल पाठविणाऱ्या एका पेढीची कचेरी. आणि माथ्यावर आपण. आपल्यावर केवळ गच्ची. जून उजाडला की त्या गच्चीवर तळे साचे आणि त्याचे पाणी जागा मिळेल तेथून खाली उतरे. बालद्या मांडल्या जात. गायकवृंद कोरड्या कोपऱ्यात बसे, कारण पेटी भिजवून चालण्यासारखे नव्हते. बाकीच्यांनी आपापली सोय पाहावी. अर्पणाच्या वेळी घंटेचा नाद व बालदीतील ठिबक यांची एक जुगलबंदीच होई, असे एका आजीबाईंनी आम्हांस हसत हसत सांगितले. पुढे बोलता बोलता त्या गप्प झाल्या. त्याचे कारण पुढे येईल.

युरोपातील ग्रंथांत छपराच्या निगेचे प्रकरण आले की ते हिवाळ्यापूर्वीचे असावयाचे. तेथे शरदात पानगळीची पाने पन्हळीतून काढतात, बर्फाच्या भारास छप्पर टिकेल की नाही हे पाहतात. पवित्र भूमीतही पाऊस हिवाळ्यातच पडतो. तेथील जुनी छपरे सपाट असत. लाकडी तुळया, त्यांवर बोरू व काटक्या, वर मातीचा थर. पाऊस लागला की ती माती दगडी रुळाने दाबून बसवावी लागे. पक्षाघाती माणसास छपरातून खाली सोडल्याचा प्रसंग वाचकांस परिचित आहे. मार्कच्या वृत्तांतात ते छप्पर उकरले जाते, लूकच्या वृत्तांतात मात्र कौलांतून वाट केली जाते. लूक ग्रीक वाचकांसाठी लिहीत होता, त्यांस कौलेच ठाऊक, असे भाष्यकार म्हणतात. सेमिनरीत असताना हा भेद आम्हांस क्षुल्लक वाटला होता. कोकण किनाऱ्यावर सेवा करू लागल्यापासून तो तसा वाटत नाही.

आपल्याकडे हिवाळा छपरास काही करीत नाही. आपली परीक्षा मृगात सुरू होते. हवामान खात्याच्या नव्या कोष्टकानुसार मुंबईस मोसमी पाऊस पोहोचण्याची सरासरी तारीख 11 जून व परतण्याची 8 ऑक्टोबर अशी आहे. या चार महिन्यांत सांताक्रूझच्या वेधशाळेत सव्वादोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस मोजला जातो. म्हणजे वर्षाचे सारे पाणी एका तृतीयांशात, आणि तेही वाऱ्यासह, आडवे.

सांप्रतचे नवी मुंबई शहर ज्या 95 गावांच्या भूमीवर वसले, त्या ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील गावांत आगरी, कोळी व आपली ख्रिस्ती मंडळी भात पिकवीत, मासे धरीत व मीठ काढीत. व्यापारी माल साठविण्याचे आमच्या मते सर्वांत जुने छप्पर या भागात कोणत्या इमारतीवर नव्हतेच. ते मिठाच्या राशींवर होते. उन्हाळ्यात आगरातून काढलेले मीठ उंचवट्यावर रचीत व पावसापूर्वी ती रास गवताने शाकारीत. रास उतरती रचलेली, गवत खालून वर चढत गेलेले, एका पेंढीवर दुसरी. पाणी निथळून जाई आणि आतील मीठ कोरडे राही. पावसाळी छपराचे सारे शास्त्र एवढ्यात आले.

शाकारणी हा शब्द आता शहरातील मुलांस समजावून सांगावा लागतो. वैशाख सरत आला की घरावरचे गवत किंवा नळे उतरवावयाचे, कुजलेले वासे व रिपा बदलावयाच्या, फुटके नळे टाकून धड तेवढे पुन्हा बसवावयाचे, आढ्यावर विशेष लक्ष द्यावयाचे आणि पश्चिमेकडील भिंतीस नारळीच्या झावळ्यांचे झाप बांधावयाचे. आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे, असे आळीतील लोक मिळून हे करीत. दुकान व घर यांत तेव्हा भेद नव्हता. पुढे दुकान, मागे घर, आणि दोहोंवर एकच पाखे. वाण्याच्या दुकानावर चढलेला मनुष्य त्याचा शेजारीच असे.

मंगलोरी कौले आली तेव्हा या कष्टात मोठी सूट मिळाली. 1865 साली बासेल मिशनच्या प्रॉटेस्टंट मिशनरींनी मंगळूर येथे यंत्रावर कौले पाडण्याचा कारखाना काढला. पुढे त्या नगरातील कॅथलिक कुटुंबेही या धंद्यात पडली. दोन-अडीच किलो वजनाचे ते लाल कौल समुद्रमार्गे साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले. त्याच्या कडेस खाच असते, शेजारचे कौल तीत अडकते, म्हणून वाऱ्याने ते सहसा सरकत नाही. तरी शाकारणी संपली नाही. माकडे, पोरांचे दगड व उंदीर यांची कृपा होतीच.

कौलांच्या पाठोपाठ पत्रा आला, आणि तो प्रथमपासूनच व्यापाराचा चाकर होता. हेन्री रॉबिन्सन पामर या इंग्रज अभियंत्याने 1829 साली नागमोडी लोखंडी पत्र्याचे पेटंट घेतले व तो लंडनच्या गोदीतील शेडवर चढविला. सपाट पत्रा स्वतःच्या भारानेच वाकतो. त्यास वळ्या पाडल्या की तो लांबवर ताठ राहतो. पुढे त्यावर जस्ताचा मुलामा देऊ लागले आणि साऱ्या जगातील गोदामे त्याने झाकली. नंतर 1900च्या सुमारास ऑस्ट्रियातील लुडविग हाचेक याने सिमेंटमध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळून पत्रे करण्याची रीत काढली. तो गंजत नाही, लोखंडाइतका तापत नाही, पावसात फार आवाज करीत नाही, आणि स्वस्त. 1930च्या दशकात हे पत्रे आपल्या देशातच होऊ लागले. मुलुंड येथे त्याचा कारखाना होता, म्हणजे खाडीच्या पलीकडे, आपल्या डोळ्यांसमोर.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 साली स्थापन झाले व त्याने ठाणे-बेलापूर मार्गाच्या कडेने कारखान्यांची रांग वसविली, तेव्हा त्यांतील बहुतेक शेडवर हाच सिमेंटचा पत्रा चढला. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात जुन्या शेडवर आजही तो करडा रंग दिसतो. त्यावर शेवाळ चढते. हूकबोल्टखालील डांबरी वॉशर उन्हाने कडक होऊन तडकतात व त्या छिद्रांतून पाणी झिरपते. म्हणून दर वर्षी एप्रिल-मे महिन्यांत कोणास तरी वर चढून वॉशर बदलावे लागतात, तडे बुजवावे लागतात, पन्हळीतील राळ काढावी लागते. या पत्र्याचा एक दोष बाहेरून दिसत नाही. तो कालांतराने ठिसूळ होतो. खालच्या लोखंडी पट्टीवर पाऊल पडले तर माणूस तरतो. दोन पट्ट्यांच्या मध्ये पडले तर पत्रा काचेसारखा फुटतो.

येथे आम्ही त्या आजीबाईंकडे परत येतो. आपल्या धर्मग्रामाच्या दफनविधीच्या वहीत तिसऱ्या वर्षीच्या मे महिन्यातील, म्हणजे देवमातेच्या महिन्यातील, एक नोंद आहे. नाव, वय 41, मूळ गाव तेव्हाच्या अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, मृत्यूचे कारण 'अपघात'. वहीत तेवढेच. हे गृहस्थ शेडची छपरे पावसाळ्यासाठी सज्ज करून देण्याचे काम करीत. आपल्या गाळ्यावरील गच्चीस त्यांनीच दोन वर्षे विनामोबदला डांबर लावले होते. एका कारखान्याच्या शेडवर वॉशर बदलीत असता पत्रा फुटला आणि ते सिमेंटच्या जमिनीवर पडले. वर फळी टाकलेली नव्हती, दोर नव्हता, खाली जाळी नव्हती. पाऊस चार दिवसांवर आला होता आणि मालकास काम उरकावयाचे होते. आजीबाई त्यांच्या पत्नी होत. तुर्भ्याच्या बाजारात भाजी निवडून त्यांनी तीन मुले वाढविली. पतीसाठी मिस्सा नोंदविण्यास त्या प्रतिवर्षी येतात तेव्हा तारीख सांगत नाहीत. 'रोहिणी निघाल्यावर तिसरा दिवस,' असे म्हणतात, आणि पंचांगातून तारीख आम्ही काढतो.

1948च्या कारखाना कायद्यातील 32वे कलम असे होते की, जेथून मनुष्य पडण्याचा संभव आहे, अशा उंच जागी काम करविताना कुंपणाची वा अन्य प्रकारची व्यवस्था शक्य तेवढी केली पाहिजे. याहून फार जुना नियम अनुवादाच्या ग्रंथाच्या 22व्या अध्यायात सापडतो. नवे घर बांधणाऱ्याने छपरास कठडा करावा, नाही तर तेथून कोणी पडल्यास त्या रक्ताचा दोष घरावर येईल, असा त्याचा आशय आहे. पतनाचा दोष पडणाऱ्याच्या पायावर न ठेवता तो घरधन्यावर ठेवला आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ठेकेदार, उपठेकेदार व त्यांच्याही खालचा मुकादम अशा उतरंडीत आज घरधनी कोण, हे मात्र कोणी सांगत नाही.

आता गच्चीविषयी. नवे नगर उभारण्याची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी 1960च्या दशकाच्या मध्यास मांडली, 1970 साली सिडकोची स्थापना झाली आणि कोरिया हे तिचे पहिले मुख्य वास्तुकार झाले. पुढे त्यांनी बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमधील घरांस उतरती छपरे दिली. ती घरे होत. दुकानांच्या व कचेऱ्यांच्या इमारतींवर मात्र सर्वत्र सपाट स्लॅब पडला, कारण सपाट स्लॅबवर उद्या आणखी एक मजला चढविता येतो. लोकांचा असा समज झाला की सिमेंटची इमारत झाली म्हणजे शाकारणीची पीडा गेली. हा समज कोणी पसरविला ते ठाऊक नाही, पण त्याने फार नुकसान केले.

पूर्वीचे गवंडी सपाट गच्ची करीत नसत असे नाही. मुंबईतील जुन्या वाड्यांवर व पेढ्यांवर चुन्याचा कोबा असे. चुन्यात गूळ व हिरड्याचे पाणी घालून, मजूर स्त्रिया रांगेने बसून लाकडी थापीने तो दिवसेंदिवस बडवीत. नंतर विटांच्या तुकड्यांचा कोबा रूढ झाला. स्लॅबवर विटांचे तुकडे सिमेंटच्या मिश्रणात बसवून, सुमारे शंभरास एक असा उतार देऊन, कठड्याच्या कोपऱ्यात गोलाई काढून वर घोटाई करावयाची. काम नीट झाले की नाही हे पाहण्याची कसोटी सोपी आहे. निर्गमाची तोंडे बंद करून गच्चीवर दोन-तीन दिवस पाणी कोंडावयाचे व खालून छत पाहावयाचे. ही कसोटी मे महिन्यात घेणारे फार थोडे. बहुतेक लोक ती जुलैत घेतात, आणि पाणी फुकट मिळते.

कोबा तडकला, पावसाळी नळाच्या तोंडाशी प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्या, पाणी साचले, म्हणजे पुढील क्रम ठरलेला आहे. पाणी स्लॅबमध्ये उतरते. आमच्याकडे हवेतही खाडीचा खार आहे. आतील सळया गंजतात; गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो, म्हणून सिमेंट फुगून सुटते आणि त्याची ढलपी खाली येते. वाशीतील कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार हे याचे उदाहरण साऱ्या नगरास माहीत आहे. मस्जिद बंदराच्या दाटीतून तो व्यापार 1981 साली येथे आणला गेला. भाज्या व फळे 1996 साली आली. पुढे कांदा-बटाटा बाजाराच्या इमारती महापालिकेच्या धोकादायक इमारतींच्या यादीत वर्षानुवर्षे येत राहिल्या. पुनर्बांधणीच्या चर्चा झाल्या, वाद झाले, आणि त्याच छताखाली माथाडी गोण्या वाहत राहिले. 1969च्या कायद्याने या कामगारांस मजुरीचे व भविष्यनिर्वाहाचे संरक्षण दिले, त्यासाठी अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी झुंज दिली. परंतु डोक्यावरच्या गोणीच्याही वर जे असते त्याचा विचार त्या कायद्यात कोठून येणार? कांद्यास तर हवा लागते. पाणी गळू नये म्हणून सारे झाकून टाकले की तो आतल्या आत घामेजतो, कोंब धरतो, सडतो. नाशिककडील शेतकरी कांदाचाळ दोहो बाजूंनी मोकळी का ठेवतो, हे त्यास कोणी शिकविलेले नाही.

मेअखेर नगरातील दुकानांपुढे व बाजाराच्या धक्क्यांवर ताडपत्र्या ताणल्या जातात, त्यांस पावसाळी शेड म्हणतात. ताडपत्री हा शब्द ऐकला की आम्हांस मौज वाटते. वस्तू प्लास्टिकची, रंग निळा, आणि नाव अजून ताडाच्या पानाचे! परवानगी चार महिन्यांची असते. कित्येक शेड दिवाळीनंतरही तेथेच असतात.

26 जुलै 2005 या मंगळवारी सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. आपल्या गाळ्यात त्या दिवशी कोणी नव्हते. पुढच्या रविवारी मंडळी आली तेव्हा वेदीवरील छताचा गिलावा वेदीवरच पडलेला आढळला. कोणास इजा झाली नाही. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर गच्चीवर लोखंडी कैची उभारून पत्र्याचे उतरते छप्पर चढविण्यात आले, आणि गळती थांबली. आज आपल्या नगरात उंचावरून पाहिले तर असंख्य गच्च्यांवर असेच निळे-लाल पत्रे दिसतात. सपाट स्लॅब घातला, तो गळला, म्हणून त्यावर पुन्हा पाखे बांधले. आगरातील मिठाच्या राशीपाशीच आपण फिरून आलो, फक्त फार खर्च करून. या शेडही निर्धास्त नाहीत. 17 मे 2021 रोजी तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा पावसाळ्याची तयारी अद्याप कोणीच पुरी केली नव्हती. स्क्रू सैल झालेले पत्रे उडाले. म्हणून शाकारणीची तारीख आता मागे ओढली पाहिजे, असे आमचे मत झाले. ईस्टरचा सप्ताह संपला की काम सुरू व्हावे व मेच्या पहिल्या पंधरवड्यात ते आटोपावे.

सिमेंटच्या पत्र्यांविषयी आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्यांपैकी अनेकांचे छोटे कारखाने जुन्या शेडमध्ये आहेत. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात गेली तर वर्षांनंतर प्राणघातक रोग होतो, हे वैद्यकशास्त्राने सिद्ध केले आहे. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने या धंद्यातील कामगारांच्या आरोग्याविषयी निर्देशही दिले. शेवाळ काढण्यासाठी तारेचा ब्रश मारू नये. पत्रा कोरडा असता तो कापू नये, फोडू नये, आधी भिजवावा. आणि निष्काळजीपणे त्यावर कोणास चढवू नये.

धर्मग्रामाच्या कचेरीमागे, जिन्याखाली, दोन लांब शिड्या, आडव्या पट्ट्या ठोकलेल्या चार फळ्या, दोन जाड दोर व कमरेचे दोन पट्टे ठेवलेले आहेत. फळी पत्र्यावर आडवी टाकली म्हणजे माणसाचा भार दोन-तीन लोखंडी पट्ट्यांवर वाटला जातो. दोर आढ्यापलीकडील भक्कम जागी बांधावयाचा. हे सामान आम्ही चार वर्षांपूर्वी घेतले. ज्यांच्या नावाने ते घेतले त्यांचे नाव फळ्यांवर लिहावे अशी सूचना आली होती, पण आजीबाईंनी नको म्हटले. आरंभी ते केवळ आपल्या सभागृहाच्या छपरासाठी होते. आता आसपासचे गाळेवाले, त्यांत सर्व धर्मांचे लोक आहेत, एप्रिल लागला की मागावयास येतात. भाडे नाही, वहीत नाव लिहावे, कोणत्या छपरावर कोण चढणार ते लिहावे, आणि संध्याकाळी तो मनुष्य खाली उतरल्यावर स्वतः येऊन सही करावी, एवढीच अट आहे. गेल्या उन्हाळ्यात त्या वहीत 37 सह्या झाल्या. एक फळी परत आली ती डांबराने माखलेली. रॉकेलने पुसून ती पुन्हा जाग्यावर ठेवली आहे.